भीतीचा खाऊ

लोणी, साखर, मैदा आणि अंडे ह्यांचा मऊ गोळा मळावा. त्याची करंगळीहूनही बारीक वळी करावी, कारण भट्टीत ती फुगते. दोन ठिकाणी चिमटून पेरे काढावी, पेरांवर सुरीने आडव्या रेघा ओढाव्या, टोकाला सोललेला बदाम नखाप्रमाणे रुतवावा. आणि भाजून झाल्यावर तो बदाम अलगद उचलून त्याखाली लाल मुरंब्याचा एक थेंब सोडून तो पुन्हा बसवावा, म्हणजे नुकतेच तोडलेले चेटकिणीचे बोट तयार होते. अमेरिकेत ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, हॅलोविनच्या रात्री, मुलांच्या मेजवानीसाठी घरोघरच्या आया अशी बोटे करतात. त्याच ताटात दुसरीही मंडळी असतात. सॉसेजभोवती पिठाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून भाजलेल्या आणि मोहरीच्या चटणीच्या ठिपक्यांनी डोळस झालेल्या ‘ममी’. अंड्यातील पांढरा भाग साखरेबरोबर फेसून केलेली टोकदार भुते. उकडलेल्या अंड्यावर काळ्या ऑलिव्हचे तुकडे मांडून बसविलेले कोळी. (मोहरी व मिरी घातलेल्या ह्या अंड्यांस इंग्रजी स्वयंपाकघरात ‘सैतानी’ असे विशेषण आहे, परंतु ते ह्या सणामुळे नव्हे, तिखटास सैतान म्हणण्याची त्या लोकांची जुनीच रीत आहे. आमचे कोल्हापूर त्यांनी पाहिले असते तर कोणता शब्द योजला असता कोण जाणे!) साल काढलेली द्राक्षे वाडग्यात घालून, मुलांचे डोळे बांधून, ‘हे मेलेल्याचे डोळे’ असे सांगून त्यांत हात घालावयास लावतात. सारे काही काट्या-चमच्यावाचून बोटांनी उचलून खावयाचे. बोटांनी बोटे खावयाची.

हे वर्णन वाचून वाचकांपैकी कित्येकांस किळस येईल, कित्येकांस हसू येईल आणि बहुतेकांस दोन्ही येतील. मृत्यूचे आणि बीभत्साचे रूप मुलांच्या खाऊस द्यावे की देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे; परंतु क्षुल्लक प्रश्नांचा एक गुण असा की, त्यांच्यावर मत देताना माणूस सावध नसतो आणि म्हणून खरे बोलतो.

पहिला आक्षेप अन्नाच्या बाजूने येतो. आपल्या घरातील कोणतीही आजीबाई हे ताट पाहून ‘अन्नाशी असला खेळ करू नये’ असेच म्हणेल, आणि तिच्या मागे फार मोठी परंपरा उभी आहे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये हे व्रत म्हणूनच सांगितलेले आहे. परंतु येथे अन्नाची निंदा होते आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्या बाईने बोटाचे पेर हुबेहूब यावे म्हणून अर्धा तास सुरी चालविली, तिने त्या पिठाचा अपमान केला असे कसे म्हणावे? निंदा तेव्हा झाली असती, जेव्हा ते बोट चवीलाही वाईट लागले असते. ह्या पाककलेचा अलिखित नियमच असा आहे की, डोळ्यांना जे किळसवाणे दिसेल ते जिभेला उत्तमच लागले पाहिजे. डोळा ‘नको’ म्हणतो, जीभ ‘हो’ म्हणते, आणि त्या दोहोंच्या भांडणात मूल खदखदून हसते. भरताने रसाची कल्पना समजावून देताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचाच दृष्टांत दिला आहे. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव. आणि अभिनवगुप्ताने म्हटल्याप्रमाणे कोणत्याही रसाचा अनुचित स्थळी आभास झाला की त्यातून हास्य निपजते. बीभत्साला बिस्किटाइतके अनुचित स्थळ दुसरे कोणते मिळणार?

अॅरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’त ह्याच गोष्टीला हात घातला आहे. जे प्राणी व जी प्रेते प्रत्यक्ष पाहताना आपल्याला दुःख होते, त्यांचीच हुबेहूब चित्रे पाहताना आपण सुखावतो, असे तो म्हणतो, आणि ओळखण्यात व शिकण्यात सुख असते हे त्याचे कारण देतो. परंतु चित्र भिंतीवर असते आणि आपण चार पावले दूर असतो. बिस्किटाचे बोट तोंडात घालावे लागते. सर्व इंद्रियांत तोंड हे सर्वांत संशयी. नको ती वस्तू ओळखून बाहेर टाकणे हे त्याचे जन्मजात काम. त्या पहारेकऱ्यासमोर भयानकाला आणून उभे करणे आणि त्याच्याकडूनच त्याला आत घेवविणे, ह्यात जे धाडस आहे ते चित्र पाहण्यात नाही. आमच्या कोकणातही नरकचतुर्दशीच्या पहाटे मुले कारीट पायाखाली चिरडून नरकासुर मारतात आणि त्याचा रस जिभेला लावतात. मात्र आमचा असुर चवीलाही कडूच ठेवलेला आहे. तोंड वाकडे केल्यावाचून तो मरत नाही.

मुलाचे हे धाडस कशाच्या बळावर होते? बोट कापलेले दिसते खरे, परंतु ते आईने केलेले आहे, ह्या एका खात्रीवर. ताटातील सगळे भय त्या विश्वासाच्या बशीत वाढलेले असते. ही बशी फुटली म्हणजे काय होते ह्याचे एक उदाहरण अमेरिकेच्या न्यायालयीन दप्तरात आहे. १९७४ सालच्या हॅलोविनच्या रात्री टेक्सास संस्थानात आठ वर्षांचा एक मुलगा दारोदार मिळालेल्या खाऊतील गोड भुकटी खाऊन मेला. तीत सायनाइड होते. कोणा अनोळख्या घरातून ते विष आले असे प्रथम सर्वांना वाटले; तपासाअंती निष्पन्न झाले की, विम्याच्या पैशांसाठी मुलाच्या बापानेच ते घातले होते. १९८४ साली त्याला देहांताची शिक्षा देण्यात आली. परक्याच्या खाऊतून मुलांना विषबाधा होते ह्या समजुतीचा पुढे समाजशास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा तिला जवळजवळ काहीच आधार सापडला नाही. परंतु लोकांनी धडा घेतला तो परक्यांविषयीच. दाराशी आलेल्या मुलांना घरी केलेला खाऊ देण्याची चाल मावळली, कारखान्यात बंद केलेली गोळी तेवढी निर्धोक ठरली. आणि घरी केलेली बोटे व भुते ओळखीच्या मुलांच्या मेजवानीपुरती चार भिंतींच्या आत गेली.

दुसरा आक्षेप मृत्यूच्या बाजूचा, आणि तो अधिक भारी आहे. मेलेल्यांची थट्टा करावी काय? येथे ह्या सणाचा पूर्ववृत्तांत थोडा पाहिला पाहिजे. आयर्लंडातील जुन्या लोकांचा ‘साविन’ हा हिवाळ्याच्या उंबरठ्यावरचा सण. त्या रात्री ह्या लोकाची व परलोकाची वेस मोकळी होते अशी समजूत. ख्रिस्ती धर्मात नोव्हेंबरची १ तारीख सर्व संतांची. आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी येथील मठाधिपती ओदिलो ह्याने २ तारीख सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेची म्हणून लावून दिली. पापक्षालनाच्या लोकात खोळंबलेल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेने लवकर सुटका मिळते, ही त्यामागील श्रद्धा. इंग्लंडात त्या दिवसांत गरीब लोक व मुले दारोदार जात. घरातील बाई त्यांना मसाल्याची छोटी गोड भाकरी देई आणि ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. तिला ‘आत्म्याची भाकरी’ म्हणत. म्हणजे ह्या सणातील पहिला खाऊ मृतांच्या आकाराचा नव्हता. तो मृतांच्या वाट्याचा होता, आणि गरिबाच्या तोंडून त्यांना पोचत होता. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याच्या चोचीतून पोचतो तसाच काहीसा.

पुढे मार्टिन ल्यूथरने मृतात्म्यांच्या सुटकेसाठी विकल्या जाणाऱ्या क्षमापत्रांविरुद्ध लेखणी उचलली. ती नेमकी १५१७ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, ह्या सणाच्याच दिवशी. १५६३ च्या धर्मकलमांत इंग्लंडच्या चर्चने तो मधला लोकच नाकारला. विक्री थांबली हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर मृतांसाठी जिवंतांनी काही करावे ह्याची सोयही गेली. चेशर, श्रॉपशर ह्या परगण्यांत ती भाकरी एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, पण प्रार्थना गळून केवळ गाणे उरले. आयर्लंडातील १८४५ च्या पुढील दुष्काळात उपाशी मरणारे जे लाखो लोक अमेरिकेस गेले, त्यांनी हा सण आपल्याबरोबर नेला. तिकडे सलगमाच्या दिव्याऐवजी भोपळ्याचा दिवा झाला, आणि मृतांचा वाटा नाहीसा होऊन ताटात मृतांची केवळ आकृती उरली.

हीच आकृती इतरत्र निराळ्या रीतीने जगते. सिसिलीत नोव्हेंबरच्या २ तारखेस मुले उठतात तो घरचे मेलेले लोक रात्री येऊन त्यांच्यासाठी साखरेच्या बाहुल्या व बदामाच्या पिठाची फळे ठेवून गेलेले असतात. मेक्सिकोत मृतांसाठी वेदी मांडतात, हाडांच्या आकाराचे कणकेचे तुकडे लावलेला पाव भाजतात, आणि साखरेची कवटी करून तिच्या कपाळावर नाव लिहितात. कधी ते गेलेल्या माणसाचे असते, कधी जिवंत मित्राचेही! २००८ साली युनेस्कोने ह्या उत्सवास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. साखरेची कवटी खाणे हे बिस्किटाचे बोट खाण्याहून कमी भयंकर नाही. तरीही त्या दोहोंत मला मोठे अंतर दिसते, आणि ते दाखविण्यासाठी घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, गेल्या वर्षी वारले. ह्या वर्षी तिने आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या सवंगड्यांसाठी वर सांगितलेली बोटे केली. मुलाने एक बोट उचलून विचारले, “ही कुणाची बोटं?” ती म्हणाली, “कुणाची नाहीत रे, बिस्किटं आहेत.” त्याने ते खाल्ले. मग साखरेचे भूत हातात घेऊन, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहत त्याने विचारले, “मग आजोबा पण भूत झाले का?” तिने मला लिहिले, “मामा, त्याला काय सांगू? पुढच्या वर्षी हे सगळं बंदच करून टाकू का?”

त्या मुलाने विचारलेला पहिलाच प्रश्न मला ह्या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. कोणाचे बोट? कोणाचे भूत? श्राद्धात पिंड ठेवताना नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. नावावाचून दिलेला पिंड कोणासच पोचत नाही. मेक्सिकोतील कवटीला कपाळ आहे आणि कपाळावर नाव आहे. अमेरिकेतील भुताला नाव नाही, गाव नाही, त्याच्यामागे रडणारे कोणी नाही. ते कोणाचेच नाही म्हणूनच मुलाने ते हसत हसत खावे. मृतांची थट्टा होण्यासाठी मृत असावे लागतात. येथे तर केवळ मृत्यूचा मुखवटा आहे, आणि मुखवट्यास चावा घेण्याचा अधिकार लहान मुलास नसेल तर कोणास असावा? ह्या दृष्टीने त्या भुतास मी पूर्ण निर्दोष मानतो. ममीलाही बहुधा सोडून देतो. तिचा पूर्वेतिहास मात्र मोठा विलक्षण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील औषधविक्रेते इजिप्तमधील खऱ्या प्रेतांची भुकटी औषध म्हणून विकत आणि सुशिक्षित लोक ती गंभीर चेहऱ्याने घेत. आंब्रोआज पारे ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १५८२ साली त्याविरुद्ध लिहिले. ज्यांनी ममी खरोखर खाल्ली ते हसत नव्हते, आणि जी मुले आज हसत आहेत ती सॉसेज खातात. ह्यात माणसाची अधोगती झाली असे कोण म्हणेल?

परंतु चेटकिणीच्या बोटाशी मी अडतो, कारण ते बोट अनाम नाही. १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिले गेले, त्यांत चौदा बायका. आणि एका म्हाताऱ्यास अंगावर दगड रचून चिरडून मारले गेले. फाशी गेलेल्यांत सारा गुड नावाची एक भिकारीण होती. तिची चार-पाच वर्षांची मुलगी डॉर्कस हीही चेटकीण ठरली. पाद्री डिओडाट लॉसन ह्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे की, आपल्याजवळ एक छोटा साप असून तो आपले बोट चोखतो, असे त्या पोरीने पुसणाऱ्यांस सांगितले. कोठे म्हणून विचारता तिने तर्जनीचे खालचे पेर दाखविले, आणि तेथे त्यांना पिसू चावल्याएवढा गडद लाल ठिपका दिसला. त्या एवढ्याशा ठिपक्याला पुरावा समजण्यात आले. पोरीला साखळ्या घालून कित्येक महिने तुरुंगात ठेवले. आणि पुढे १७१० साली तिच्या बापाने सरकारकडे केलेल्या अर्जावरून दिसते की, ती सुटली तरी तिची बुद्धी पुन्हा ताळ्यावर आली नाही.

बिस्किटाच्या बोटावर मुरंब्याचा लाल थेंब ठेवणाऱ्या आईस हे ठाऊक नसते, आणि तिला ते ठाऊक असावे असा माझा आग्रहही नाही. सेलम गाव आज ह्याच सणाच्या यात्रेकरूंनी गजबजते आणि त्यावर पोटही भरते. त्याच गावात १९९२ साली त्या मृतांचे स्मारकही उभे राहिले आहे. एलिझाबेथ जॉन्सन ही दोषी ठरूनही फाशी न गेलेली बाई कायद्याच्या दप्तरात चेटकीणच राहून गेली होती. २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरविले, ते शेजारच्या गावातील आठवीच्या वर्गातील मुलांनी केलेल्या खटपटीमुळे. ह्या मुलांनी लहानपणी चेटकिणीची बोटे खाल्ली नसतील असे मला वाटत नाही. म्हणजे खाल्ल्याने मन मरतेच असे नाही. पुढे कोणीतरी नाव सांगावे लागते, एवढेच.

मात्र अमेरिकेत जी गोष्ट तीनशे वर्षे जुनी झाली ती आपल्याकडे जुनी झालेली नाही. करणी केली, भानामती केली, असा आळ घेऊन बायकांना मारहाण करणे, गावातून हाकलणे, प्रसंगी जिवे मारणे, हे प्रकार आपल्या राज्यात घडत आले म्हणूनच २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला; आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झीज सोसली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टच्या २० तारखेस पुण्यात खून झाला. पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांतूनही आता हॅलोविनची ताटे मांडली जातात. तेथे भोपळ्याला हरकत नाही, कोळ्याला नाही, साखरेच्या भुताला तर नाहीच नाही. परंतु ज्या राज्यात एखाद्या विधवेस आजही चेटकीण म्हणून दाराबाहेर ओढले जाऊ शकते, तेथे चेटकिणीचे तोडलेले बोट ताटात घालण्यापूर्वी, ते खोटे आहे असे सांगण्याचा हक्क आपण मिळविला आहे काय, हे विचारले पाहिजे. माझ्या मते तो अजून मिळालेला नाही.

नाव नसलेल्या खेळात अकस्मात नाव कसे शिरते, ह्याचे दर्शन जेम्स जॉइसच्या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ ह्या संग्रहातील ‘माती’ ह्या कथेत घडते. धुलाईघरात राबणारी मारिया नावाची एक प्रौढ कुमारिका ह्याच सणाच्या संध्याकाळी ओळखीच्या कुटुंबात जाते. डोळे बांधून बश्यांतून काही उचलण्याचा खेळ चाललेला असतो. अंगठी आली तर लग्न, पाणी आले तर प्रवास, असले शकुन. तिचा हात एका ओल्या मऊ पदार्थावर पडतो. ती माती असते, आणि त्या खेळात मातीचा अर्थ सर्वांना माहीत असतो. घर क्षणभर गप्प होते. मग घरधनीण शेजारच्या पोरींना रागे भरते, ती बशी बाहेर टाकावयास लावते, आणि तिला पुन्हा एकदा हात घालू देतात. ह्या खेपेस प्रार्थनेचे पुस्तक येते. तिला काही कळत नाही, आणि तिला कोणी काही सांगतही नाही. त्या घरातील माणसे वाईट नव्हती. मृत्यूशी खेळण्याची रीत त्यांना उत्तम अवगत होती; तो ओळखीच्या माणसाच्या बोटांना लागल्यावर मात्र बशी बाहेर टाकण्यापलीकडे त्यांना काही सुचले नाही.

म्हणून भाचीला मी खेळ बंद करण्याचा सल्ला दिला नाही. खेळ बंद करणे ही देखील बशी बाहेर टाकण्याचीच रीत झाली. मी तिला लिहिले की, आजोबा भूत झालेले नाहीत असे त्याला स्पष्ट सांग. भुते कोणाचीच नसतात आणि आजोबा आपले आहेत. बोटांना चेटकिणीची म्हणू नकोस, पुढच्या वर्षी राक्षसाची म्हण. राक्षसांना फाशी दिल्याचे कोठे नमूद नाही. आणि एखाद्या रविवारी तुझ्या वडिलांना आवडणारी सांज्याची पोळी कर, पहिली त्यांच्या फोटोपुढे ठेव आणि मुलाकडून त्यांचे पूर्ण नाव म्हणवून घे. तिकडे कावळे कितपत येतात मला ठाऊक नाही. न आले तर ती पोळी त्यानेच खावी.

तिने ती केली. पोराने आजोबांचे नाव एका दमात म्हटले, आडनावाशी थोडा अडखळला, आणि पोळी हातात घेऊन, हिला बदाम कुठे लावायचा, असे विचारीत होता, असे तिने कळविले आहे.